आयसीयूत घरचं माणूस असेल तर सिस्टरना हे सांगा

घरचं माणूस आयसीयूत गेलं की आपले डोळे आधी मॉनिटरवर जातात. आकडे हलतात, काहीतरी वाजतं आणि पोटात गोळा येतो. पण प्रत्येक आवाज धोक्याचा नसतो. बोटावरचा चिमटा निसटला किंवा पेशंटने हात हलवला, तरी गजर होतो. सिस्टर शांत असतील तर तुम्हीही घाबरू नका.

मॉनिटर नाडी सांगतो, रक्तदाब सांगतो. बाबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे मात्र तुम्हीच सांगायला हवं.

म्हणून पहिल्याच दिवशी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. घरी हाक काय मारता? आबा, माई, अण्णा, जे असेल ते. चष्मा लागतो का, कानाचं मशीन आहे का, झोप कशी लागते, कशाची भीती वाटते, तेही लिहा. भाषेचं विसरू नका. मुंबई-पुण्यात बऱ्याच सिस्टर केरळच्या असतात. त्या कामापुरतं मराठी शिकतात. पण आजीची अहिराणी त्यांना कशी कळावी? पाणी हवंय, दुखतंय, कूस बदला, हे आजी कसं म्हणते ते लिहून द्या.

व्हेंटिलेटरची नळी स्वरयंत्रातून जाते, त्यामुळे आवाज फुटत नाही. ऐकू मात्र येत असू शकतं. तेव्हा खाटेशेजारी बिलाची चर्चा नको, रडारडही नको. "होय असेल तर माझा हात दाबा," असं सांगून साधे प्रश्न विचारा.

आणखी एक, अगदी हात जोडून सांगतो. सिस्टरची नजर चुकवून तोंडात तीर्थ किंवा चमचाभर पाणी घालू नका. ते फुफ्फुसात जाऊ शकतं. अंगारा लावायचा असेल तरी आधी विचारा.

कधी पेशंट भलतंच बोलू लागतो. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतो, नळ्या ओढतो. वेड लागलं असं समजू नका. आयसीयूत असा भ्रम बऱ्याच जणांना होतो आणि बहुतेकदा तो उतरतो. दिसलं की लगेच सिस्टरना सांगा. पेशंटशी वाद घालू नका. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, बाहेर कोण बसलंय, ते शांतपणे पुन्हा पुन्हा सांगा. हात बांधलेले दिसले तर भांडू नका. का बांधले आणि कधी सोडणार, हे मात्र जरूर विचारा. तो तुमचा हक्कच आहे.

एवढी यंत्रं असताना आपण काय करणार, असं वाटतं ना? १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. तेव्हा वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, हाताने पिशवी दाबून रुग्णांना रात्रंदिवस श्वास देत होते. आजचे आयसीयू त्यातूनच उभे राहिले. तुम्हीही हात स्वच्छ धुवा, सिस्टरना विचारा आणि आपल्या माणसाचा हात धरून बसा. भेट दहा मिनिटांचीच असली तरी.

डॉक्टरांशी बोलायला घरातला एकच जण ठरवा. तक्रार असेल तर इनचार्ज सिस्टरना भेटा. ड्युटी बदलताना मात्र थोडं थांबा. तेव्हा एक सिस्टर दुसरीला तुमच्याच पेशंटची माहिती देत असते.