बाराशे रुपयांचं रडगाणं

भूतानमध्ये आता आपल्याला माणशी, दर रात्रीचे १,२०० रुपये शुल्क द्यावं लागतं. सप्टेंबर २०२२ पासून. तेव्हापासून आमच्या गोतावळ्यात भूतानचं नाव निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं, "लुटतात हो!" डोंगर नाहीत, नद्या नाहीत, आधी बाराशे. तर मंडळी, आज जरा स्पष्ट लिहितो. राग मानू नका. मानलात तरी लिहिणारच.

हे शुल्क योग्य आहे.

हिशेब मलाही येतो. दोन माणसं, सहा रात्री, १४,४०० रुपये. पेन्शनवाल्याला ही रक्कम लहान नाही. आम्ही दोघं २०१८ साली गेलो तेव्हा यातला छदामही लागला नव्हता. पण फुकट होतं तेव्हा आपण तिथे कसे वागत होतो, तेही सांगायला हवं.

जयगावच्या कलकलाटातून कमान ओलांडून फुन्शोलिंगला शिरलो आणि हॉर्न एकदम थांबले. तिथून थिंफू सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, सगळा घाट. गाडीत आम्ही आठ जण. गेडूच्या आसपास धुकं असं उतरलं की पुढचं वळण दिसेना. ड्रायव्हर गप्प होऊन गाडी हाकत होता, मागे अंताक्षरी जोरात. तेवढ्यात एका खिडकीतून वेफर्सची रिकामी पिशवी बाहेर गेली. त्याने जागा बघून गाडी कडेला घेतली, मागे चालत गेला, पिशवी उचलून आणली आणि दाराच्या खणात ठेवली. बोलला काही नाही. गाडीत दोघेतिघे हसले. पुढे चहाला थांबलो तेव्हा मी विषय काढला, तर म्हणाला, "सर, रोज एक-दो बार उतरना पड़ता है।"

रोज! आणि तो एकच ड्रायव्हर. देशाची लोकसंख्या आठ लाखांच्या आत, आणि २०१९ साली तिथे तीन लाखांहून जास्त पर्यटक गेले. त्यात बहुसंख्य आपण.

त्याच वर्षी दोचुला खिंडीत जे घडलं ते पेपरात वाचलं असेल. तिथे १०८ छोटे स्तूप आहेत, छोर्तेन म्हणतात. मोटारसायकलवरून आलेला एक भारतीय पर्यटक शिडी लावून त्यातल्या एकावर चढला आणि फोटो काढून घेतला. आपल्या महाराष्ट्रातलाच. हे छोर्तेन कशाचे? आसामातल्या बंडखोरांचे तळ भूतानच्या जंगलात होते, ते २००३ च्या डिसेंबरात भूतानच्या सैन्याने उठवले. त्यात जे सैनिक पडले त्यांचं हे स्मारक. भारताशी लढणाऱ्यांना हुसकावताना मेलेल्या माणसांच्या स्मारकावर आपला माणूस बूट घालून! रायगडावर समाधीवर कुणी परका असा चढला असता तर आपण काय केलं असतं? नुसती कल्पना करा.

आता "रस्ते आपणच बांधून दिले ना?" हा हुकमी मुद्दा. दिले, खरं आहे. १९५८ साली नेहरू गेले तेव्हा मोटाररस्ता नव्हता, नथू ला ओलांडून घोड्यावरून जावं लागलं. १९६१ पासून सीमा सडक संघटनेच्या 'दंतक' प्रकल्पाने डोंगर फोडले, त्यात आपली कितीतरी माणसं दगावली. पण मेली ती माणसं, आणि सवलत मागणार कोण? तर अंताक्षरीवाले! त्यांच्या घामावर आपला हक्क कुठून आला, हे काही मला कळत नाही.

बरं, युरोपातून येणाऱ्याला रात्रीचे १०० डॉलर पडतात. आपल्याला सवलत आहेच की. आणि कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत आपणही शुल्क घेतो, माणसं मोजून आत सोडतो. तिथे लूट नाही, मग इथे कशी?

शुल्काने शिस्त येईल, या भ्रमात मी नाही. पैसे भरलेला माणूस कधी कधी जास्तच माजतो. पण निदान पिशव्या उचलण्याचा खर्च तरी निघेल. असो.

ज्यांचं जायचं ठरतंय त्यांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्यावं, आधार कार्डावर विसंबू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. आभाळ निवळलं तर दोचुलावरून गंगखर पुएनसुम दिसतं, ७,५७० मीटर. आम्हाला जेमतेम दहा मिनिटं दिसलं. त्याच्या माथ्यावर अजून कुणी पोचलेलं नाही, आणि २००३ पासून भूतानमध्ये गिर्यारोहणच बंद आहे. कितीही पैसे मोजा, वर सोडत नाहीत.