व्हेनिसमध्ये मुक्कामाला राहिलात तर प्रवेश शुल्क माफ! पण शहराचं दुखणं त्यानं बरं होईल का?

कालव्याकाठचा जुना वाडा, भिंतींवर आजच्या कलाकारांची चित्रं, खिडकीखालून जाणाऱ्या बोटी. व्हेनिसच्या बुटीक हॉटेलांचे असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. मुक्कामी पाहुण्याला इथे सवलत मिळते, दिवसभर फिरून परतणाऱ्याला मात्र पैसे मोजावे लागतात. हे प्रकरण काय आहे?

नियम काय?

25 एप्रिल 2024 पासून व्हेनिसने गर्दीच्या ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत, एक दिवसासाठी येणाऱ्या पर्यटकांकडून 5 युरो घ्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी असे 29 दिवस होते, 2025 मध्ये 54. ऐनवेळी नोंदणी केली तर 10 युरो.

हॉटेलात राहणारे पर्यटन कर वेगळा भरतात, म्हणून त्यांना हे शुल्क नाही. पण आधी ऑनलाइन नोंदणी करून सवलतीचा क्यूआर कोड घ्यावा लागतो.

फरक पडला?

पहिल्या वर्षी सुमारे 24 लाख युरो जमा झाले. गर्दी मात्र हटली नाही, अशी टीका विरोधी नगरसेवकांनी केली.

खरा प्रश्न घरांचा

ऐतिहासिक व्हेनिसमध्ये 1951 साली पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहायचे. आज 50 हजारही नाहीत. 2023 मध्ये स्थानिक संघटनांनी मोजलं, तेव्हा पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त भरल्या.

मग हॉटेलं वाईट का? सरसकट नाही. ग्रँड कॅनॉलवरचा का दा मोस्तो हा 13व्या शतकातला वाडा पाहा. एकेकाळी तिथे नावाजलेली खानावळ-सराई होती. पुढे तो बरीच वर्षं रिकामा पडला. 2022 मध्ये तिथे आधुनिक कलेनं सजलेलं हॉटेल सुरू झालं. खाऱ्या पाण्यात उभी असलेली अशी इमारत टिकवायला प्रचंड पैसा लागतो. हॉटेलामुळे तो आला, आणि त्यासाठी कुणाला घर सोडावं लागलं नाही.

राहता फ्लॅट पर्यटकांना भाड्यानं दिला की गोष्ट बदलते. भाडेकरू जातो, मग कोपऱ्यावरचा बेकरीवाला, मग शाळेतली मुलं. प्रवेश शुल्क फक्त दारातली गर्दी मोजतं, घरातली माणसं परत आणत नाही.

त्यामुळे बुकिंग करताना एवढं नक्की पाहा: ही खोली हॉटेलातली आहे की कुणाच्या राहत्या घराची?