शब्द जोडीनंच शिकवा

वेल्ह्यात भातलावणी सुरू झाली की माझ्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी होतात. आठवड्यानं परतलेली मुलं इंग्रजीत अर्ज लिहितात, ‘रीझन ऑफ ॲबसन्स’. हातांना अजून चिखलाचा वास असतो. चूक मराठीतून आलेली: ‘गैरहजेरीचं कारण’मधल्या ‘चं’चा त्यांनी ‘ऑफ’ केला. पण ‘रीझन’ला ‘फॉर’ लागतं, ‘कॉज’ला मात्र ‘ऑफ’च. आपल्याकडे दोन्हींना ‘कारण’च! मग पोरांनी ओळखायचं कसं?

राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी मुलं शब्द सुटेच पाठ करतात. मी फळ्यावर ‘डिमांड फॉर’, ‘इंटरेस्ट इन’ असं जोडूनच लिहिते. ‘लग्न कुणाशी’ यातला ‘शी’ आपण कधी वेगळा घोकला होता? भोर-वेल्ह्याच्या पोरांना इंग्रजी ऐकायला घरी कुणी नाही. त्यांच्या शब्दार्थांच्या यादीत तरी ही जोडी छापा.