विश्लेषण : पाच हजारांचा डायव्हर्टर, साडेदहा हजारांचे बिल, बाथरूममधला जुना नळ बदलणे इतके महाग का पडते?

शॉवर बंद केला तरी थेंब गळतच राहतो. गरम पाण्याची चावी दोन्ही हातांनी फिरवावी लागते. बादलीचा नळ सुरू केला की थोडे पाणी शॉवरमधूनही येते. जळगावातील महाबळ, पिंप्राळा असो की धुळ्यातील देवपूर, साक्री रोड. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेल्या घरांत ही तक्रार नवी नाही. दुकानात चौकशी केली की किंमत परवडणारी वाटते. काम पूर्ण झाल्यावर मात्र बिल दुपटीवर गेलेले असते. पैसे नेमके कुठे जातात आणि ते कुठे वाचवता येतात, याचा हा आढावा.

बदलायचे नेमके काय असते?

आपल्याकडे बाथटब क्वचितच दिसतो, अंघोळ होते ती बादलीवर किंवा शॉवरखाली. त्यामुळे भिंतीतल्या एकाच यंत्रणेला दोन कामे करावी लागतात. गरम-गार पाणी मिसळायचे आणि ते खाली बादलीकडे किंवा वर शॉवरकडे वळवायचे. याचे दोन प्रकार आहेत. पहिला वॉल मिक्सर. तो भिंतीच्या बाहेर दिसतो आणि दोन नट सोडले की निघतो. दुसरा डायव्हर्टर. त्याचे पितळी धड भिंतीत गाडलेले असते आणि बाहेर फक्त मूठ व गोल चकती दिसते.

दोन्हींच्या आत झिजणारे भाग छोटे असतात. जुन्या नळात स्पिंडल आणि रबरी वॉशर, नव्यात सिरॅमिक चकत्यांचे कार्ट्रिज. गळती झाली म्हणजे संपूर्ण नळ गेला असे नाही. बहुतेक वेळा हा आतला भागच झिजलेला असतो. खर्चाचा पहिला फाटा इथेच फुटतो. आतला भाग बदलून भागणार असेल तर काम काहीशे रुपयांचे, धडाला चीर गेली असेल किंवा मागची पाइप कुजली असेल तर हजारांचे.

खानदेशात हे भाग लवकर का बिघडतात?

पहिले कारण पाण्यातले क्षार. जळगाव शहराला वाघूर धरणाचे पाणी मिळते. धुळ्याला तापी, नकाणे व डेडरगाव तलाव आणि अक्कलपाडा प्रकल्पाचा आधार आहे. पण पाणी रोज येत नाही. अनेक भागांत ते दिवसांच्या अंतराने येते आणि धुळ्यात तर हे अंतर आठवड्यापर्यंत लांबल्याचा अनुभव जुना आहे. मधल्या दिवसांत बोअरचे पाणी त्याच टाकीत चढते. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. पाणी तापले की हे क्षार पांढऱ्या थराच्या रूपात बसतात. म्हणूनच गिझरकडची, म्हणजे गरम पाण्याची चावी आधी घट्ट होते.

दुसरे कारण गाळ. जलवाहिनी रिकामी होते आणि पुन्हा भरते, तेव्हा पहिल्या पाण्याबरोबर गंज आणि बारीक रेती येते. टाकी वर्षानुवर्षे धुतली नाही, तर ही रेती नळाच्या आत पोहोचते. रबरी वॉशर कापला जातो, सिरॅमिक चकतीवर ओरखडे पडतात.

तिसरे कारण भिंतीतली लोखंडी पाइप. सीपीव्हीसी येण्याआधी घरोघरी जस्ताचा मुलामा दिलेली जीआय पाइप टाकली जात असे. मुलामा गेला की पाइप आतून गंजते आणि तिचे तोंड अरुंद होते. पितळी नळ आणि लोखंडी पाइप जिथे जोडले जातात, तिथे गंज आणखी वेगाने चढतो. गंमत अशी, की जळगाव हे देशातील प्लॅस्टिक पाइप उद्योगाचे मोठे केंद्र आहे. जैन इरिगेशन इथलीच आणि सुप्रीम इंडस्ट्रीजचा पाइप कारखाना जवळच गाडेगावला. न गंजणारी पाइप घराशेजारी तयार होते, पण जुन्या घरांच्या भिंतीत मात्र लोखंडच आहे.

मग खर्च कुठे वाढतो?

नळापेक्षा जास्त खर्च भिंतीवर होतो. गंजलेल्या जीआय पाइपमधून जुना नळ सोडवताना पाना जोरात फिरला, की पाइपचे आटे आतच तुटतात. पाचशे रुपयांचे काम त्या क्षणी दहा हजारांचे होते. मग टाइल्स फोडा, भिंत खोदा, पाइप कापा, नवी जोडा, प्लास्टर करा, पुन्हा टाइल्स बसवा. म्हणजे प्लंबरबरोबर गवंडी आला, त्याच्याबरोबर मजूर आला.

टाइल्सचे दुखणे वेगळेच. जुन्या बाथरूममध्ये ८ बाय १२ इंचांच्या टाइल्स असत. आता बाजारात १२ बाय १८ आणि १२ बाय २४ इंचांचे माप चालते. मोरबीहून येणाऱ्या मालात डिझाइन सतत बदलते. चार टाइल्स फुटल्या तरी जुळणाऱ्या चार मिळत नाहीत. मग घरमालक म्हणतो, भिंतच नवी करू. सहा फूट रुंद आणि सात फूट उंच भिंत म्हणजे ४२ चौरस फूट. चार टाइल्सच्या जागी ४२ फुटांचे काम निघते.

हिशेब कसा मांडायचा?

पुढचे आकडे बाजाराची सरासरी म्हणून नव्हे, तर हिशेबाची रीत कळावी म्हणून धरले आहेत. आपल्या गावचे दर त्या जागी घालून पाहता येतील.

• फक्त आतला भाग : स्पिंडलची जोडी ३०० रुपये, मजुरी ३०० रुपये. एकूण ६०० रुपये.

• बाहेरचा वॉल मिक्सर : मिक्सर ३,५०० रुपये, निपल व टेप २०० रुपये, मजुरी ५०० रुपये. एकूण ४,२०० रुपये.

• भिंतीतला डायव्हर्टर : डायव्हर्टर ५,००० रुपये, पाइप व जोड ८००, प्लंबर १,०००, गवंडी व मजूर १,५००, टाइल्स १,२००, सिमेंट-रेती-ग्राउट ७००, मलबा उचलणे ३०० रुपये. एकूण १०,५०० रुपये.

तिसऱ्या उदाहरणात डायव्हर्टरचा वाटा निम्म्याहून कमी आहे. त्यामुळे दुकानदाराशी घासाघीस करून पाचशे रुपये सुटले, तरी बिलावर फारसा परिणाम होत नाही. भिंत फोडणे टळले, तर मात्र खर्च निम्म्याहून खाली येतो.

नळांच्या किमती का चढल्या?

चांगला नळ पितळेचा असतो आणि पितळेत साधारण साठ टक्के तांबे असते, उरलेले मुख्यतः जस्त. मे २०२४ मध्ये लंडनच्या धातू बाजारात तांबे प्रथमच टनाला ११,००० डॉलरच्या पुढे गेले. जामनगरसारख्या पितळ उद्योगाच्या केंद्रांत कच्चा माल महागला, की त्याची झळ दुकानापर्यंत येते. नळांवर १८ टक्के जीएसटीही आहे. पाच हजारांच्या डायव्हर्टरमध्ये सुमारे ७६० रुपये कराचे असतात.

याच कारणाने बाजारात हलका माल वाढतो. बाहेरून चकचकीत क्रोम आणि आत जस्ताचा मिश्रधातू. हातात घेतल्यावर वजनातला फरक कळतो. क्षाराच्या पाण्यात असा नळ फार टिकत नाही. पैसे कमीच असतील, तर हलक्या धातूपेक्षा पीटीएमटी प्लॅस्टिकचा चांगला साधा नळ बरा, तो गंजत तरी नाही.

दुरुस्ती लांबवली तर काय बिघडते?

सेकंदाला एक थेंब गळत असेल आणि थेंब पाव मिलिलिटरचा धरला, तर दिवसाला साडेएकवीस लिटर पाणी जाते. आठ दिवसांत १७० लिटरहून जास्त. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. म्हणजे दोन नळांमधल्या आठवड्यात एका माणसाच्या पूर्ण दिवसाहून अधिक पाणी मोरीत जाते. ज्या गल्लीत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हे परवडणारे नाही. गरम बाजू गळत असेल तर विजेचे बिलही वाढते.

दिसणारा थेंब तरी बरा. न दिसणारी गळती भिंतीत मुरते. टाइल्सचे सांधे काळे पडतात, पलीकडच्या खोलीचा रंग फुगतो, खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते. तेव्हा आपल्या बिलात शेजाऱ्याचे प्लास्टरही जोडले जाते.

भिंत न फोडता मार्ग आहे का?

अनेकदा असतो. आधी नळाची चकती काढून आत बॅटरीचा उजेड टाकून पाहा. पाणी मुठीच्या बुडातून येत असेल, तर दोष बहुधा स्पिंडल किंवा कार्ट्रिजमध्ये आहे. जुना भाग हातात घेऊन दुकानात जावे, कारण आट्यांचे माप कंपनीनुसार बदलते. क्षाराने चावी घट्ट झाली असेल, तर सुटा भाग लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवून मोकळा होतो. फरशी धुण्याचे अ‍ॅसिड वापरू नये, क्रोमचा थर जातो.

धडच गेले असेल, तर बाथरूमच्या मागची भिंत कोणती ते पाहावे. मागे बेडरूम किंवा पॅसेज असेल, तर तिकडून खोदता येते. तिथे टाइल्स नसतात, प्लास्टर आणि रंगावर भागते. तिसरा मार्ग म्हणजे जुना डायव्हर्टर भिंतीतच बंद करून बाहेरून वॉल मिक्सर लावणे. दिसायला तो जुन्या पद्धतीचा वाटतो, पण पुढच्या वेळी दोन नट सोडून बदलता येतो. क्षाराच्या पाण्याच्या गावात हा फायदा मोठा आहे.

महागडा सिंगल लिव्हर घ्यावा का?

आधी पाण्याचा दाब पाहावा. टाकी शॉवरपेक्षा दहा मीटर उंच असेल, तर सुमारे एक किलोचा दाब मिळतो. बैठ्या किंवा एकमजली घरात हे अंतर तीन-चार मीटरच असते, म्हणजे दाब ०.३ ते ०.४ किलो. अनेक आधुनिक डायव्हर्टर आणि मोठे शॉवर याहून जास्त दाब धरून बनवलेले असतात. नळ बसतो, पण धार बारीक येते. मग प्रेशर पंपाचा खर्च येतो आणि पंपाचा दाब जुन्या जीआय पाइपला झेपेलच असे नाही. डब्यावर किमान दाब लिहिलेला असतो, तो वाचून मगच खरेदी करावी. वॉरंटीही नीट वाचावी. क्षार साचून झालेला बिघाड अनेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत.

खर्च कोणी करायचा?

गृहनिर्माण संस्थेत सामाईक जलवाहिनीची दुरुस्ती संस्थेची. फ्लॅटच्या आतल्या नळ-संडासामुळे होणाऱ्या गळतीचा खर्च त्या सदस्याचा, असे राज्याच्या आदर्श उपविधीत आहे. भाड्याच्या घरात वेगळा करार नसेल, तर घर राहण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार घरमालकाची. लीव्ह अँड लायसन्स असेल, तर करारात काय लिहिले आहे ते आधी पाहावे. वॉशरसारखी किरकोळ कामे भाडेकरूने आणि भिंतीतली कामे मालकाने करायची, हे करारातच लिहून घेतले तर वाद टळतो.

काम देण्याआधी काय ठरवावे?

• जुन्या घरांत बाथरूमला स्वतंत्र कॉक नसतो, त्यामुळे टाकी रिकामी करावी लागते. म्हणून काम पाणी येण्याच्या आदल्या दिवशी ठेवावे. टाकीतले पाणी आधी पिंप, बादल्यांत भरून घ्यावे.

• टाकी रिकामी आहे तोवर बाथरूमच्या लाइनवर बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला तो उपयोगी पडतो.

• प्लंबर, गवंडी आणि साहित्य यांचे दर वेगवेगळे विचारावेत. ‘सगळे मिळून’ सांगितलेल्या रकमेत मलबा आणि टाइल्स धरल्या आहेत का, हे स्पष्ट करून घ्यावे.

• पाइप तुटली तर जादा खर्च किती, हे पाना लावण्याआधी ठरवावे.

• भिंत उघडलीच, तर फक्त डायव्हर्टर बदलून थांबू नये. त्या भिंतीतली जीआय पाइप काढून सीपीव्हीसी टाकून घ्यावी. गवंड्याचा खर्च एकदाच होतो.

• टाइल्स बसवण्याआधी रात्रभर लाइन भरलेली ठेवून जोड तपासावेत. उघड्या भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. उरलेल्या टाइल्सही जपून ठेवाव्यात.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा टाकीतले पाणीच गरम येते आणि गिझर बंद असतो. गरम पाण्याची चावी तपासायला हाच काळ सोयीचा. वॉशर वेळेवर बदलला, तर भिंत फोडण्याची वेळ बरीच वर्षे लांबते.