सगळेच विकले गेलेत? कोणती बातमी, ते सांगा!

कट्ट्यावर कुठलीही बातमी काढून बघा. भरतीचा पेपर फुटल्याची असो, नाहीतर शहरातल्या नव्या उड्डाणपुलाची. दोन मिनिटांत कुणीतरी म्हणणारच, ‘सोड ना यार, मीडिया सगळा विकला गेलाय.’ बाकीचे मान डोलावतात. विषय संपतो. पुढचा विषय कटिंग कुणी सांगायची हा असतो.

हे वाक्य फार सोयीचं आहे बघा. ते बोललं की आपण जरा हुशार वाटतो. आपल्याला कुणी गंडवू शकत नाही, असा फील येतो. आणि सगळ्यात भारी म्हणजे त्यानंतर काही वाचावं लागत नाही!

आता तुम्ही हा लेख पेपरातच वाचताय. त्यामुळे इथून पुढे पेपरवाल्यांची वकिली सुरू होणार, असं वाटलं असेल तर तसं काही नाही. तुम्हाला येणारा राग खोटा नाही. त्याला कारणं आहेत, आणि त्यातलं एक मोठं कारण आपल्याच महाराष्ट्रात घडलंय.

‘बातमी’ विकत मिळते?

ऑक्टोबर २००९. राज्यात विधानसभेची निवडणूक होती. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा बालवाडीत किंवा त्याहून लहान असतील. निवडणूक झाल्यावर पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये लागोपाठ लेख लिहिले. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं भरभरून कौतुक करणारा मजकूर प्रचाराच्या काळात मोठमोठ्या मराठी पेपरांत पानंच्या पानं भरून आला होता. त्यातला काही मजकूर तर एकमेकांचे कट्टर स्पर्धक असलेल्या पेपरांमध्ये शब्दशः सारखा होता. आणि निवडणूक खर्चाच्या हिशेबात पेपरांतल्या जाहिरातींवरचा खर्च दाखवला होता फक्त ५,३७९ रुपये.

पैसे देऊन बातम्या छापून घेतल्याचा आरोप चव्हाण यांनी फेटाळला. प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेलं, पुढं कोर्टात गेलं. आयोगानं खर्चाचा हिशेब बरोबर नसल्याचं म्हटलं, पण २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं आयोगाचा तो आदेश रद्द केला.

पण ‘पेड न्यूज’ हा शब्द त्यानंतर घराघरांत पोचला. प्रेस कौन्सिल ऑफ इंडियानं दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिनं ७१ पानांचा अहवाल तयार केला. पेपर आणि चॅनेल उमेदवारांना कशी ‘पॅकेजं’ देतात, याच्या तक्रारी त्यात नावानिशी होत्या. मग झालं काय? कौन्सिलनं २०१० मध्ये तो अहवाल पूर्ण छापलाच नाही, एक छोटी आवृत्ती काढली. पूर्ण अहवाल बाहेर यायला २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाला आदेश द्यावा लागला.

म्हणजे राग येणं साहजिक आहे.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही बघा. हे सगळं बाहेर काढलं कुणी? पेपरनंच. एका पत्रकारानं दुसऱ्या पेपरांचे अंक शेजारी शेजारी ठेवले, ओळ न् ओळ ताडून पाहिली, खर्चाचा हिशेब मागवला आणि आपल्या पेपरात छापलं. ‘सगळे विकले गेलेत’ एवढंच म्हणून तो गप्प बसला असता, तर आज आपल्याकडे पेड न्यूज हा शब्द बोलण्यापुरताही नसता. त्यानं अमुक पान, अमुक मजकूर, अमुक रक्कम असं सांगितलं. टीका अशी असते. बाकीचा सगळा वैताग.

शंभर वर्षांपूर्वीची तक्रार

पेपरांवर टीका ही काही आपल्या पिढीची आयडिया नाही. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र मानलं जाणारं ‘दर्पण’ बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये काढलं. त्यानंतर नव्वद वर्षं पुरी व्हायच्या आत मराठी पेपरांना सगळ्यात बोचरा प्रश्न एका २८ वर्षांच्या तरुणानं विचारला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. मुंबई इलाख्यातली बहुतेक पत्रं विशिष्ट जातींचंच हित पाहतात, बाकीच्यांची त्यांना पर्वा नसते, हा बाबासाहेबांचा मुद्दा त्या पहिल्याच अंकात होता. मुद्दा किती खरा होता, त्याचा पुरावाही लगेच मिळाला. ‘मूकनायक’ निघतोय, याची पैसे देऊन जाहिरात छापायलाही ‘केसरी’नं नकार दिला.

आता विचार करा, बाबासाहेबांना ‘पेपर म्हणजे सगळा भंपकपणा’ असं म्हणायला किती कारणं होती! पण ते तसं म्हणाले नाहीत. या पानांवर कोण नाही, कुणाचं दुःख छापलंच जात नाही, हे त्यांनी नेमकं सांगितलं. आणि मग शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर स्वतःचं पाक्षिक उभं केलं. ते बंद पडल्यावर १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढलं. पेपरांवर सगळ्यात कडक टीका करणारा माणूसच आयुष्यभर पेपर काढत राहिला.

तोच प्रश्न आज आपणही विचारू शकतो. समाजकल्याणच्या वसतिगृहात महिनोन्‌महिने भत्ता येत नाही, ते पहिल्या पानावर का येत नाही? ऊसतोड कामगार फक्त संपाच्या वेळीच का दिसतात? पाड्यावरची बातमी पावसाळ्यात डोलीतून पेशंट नेला तरच का होते? हे प्रश्न ‘मीडिया विकला’पेक्षा कितीतरी जास्त टोचतात. कारण त्यांना उत्तर द्यावं लागतं.

पाच-सहा रुपयांचा हिशेब

पेपर दबावाखाली का येतो, हे समजून घ्यायचं असेल तर आधी त्याचं अर्थकारण बघा. घरी येणारा पेपर पाच-सहा रुपयांना पडतो. त्यात कागद, छपाई, पहाटेची गाडी, विक्रेत्याचं कमिशन यांचाही खर्च धड निघत नाही. मग पगार कुठून होतात? जाहिरातींतून. बिल्डर, सराफ, क्लासेस, खासगी विद्यापीठं आणि सरकार. सरकार तर फार मोठं गिऱ्हाईक.

म्हणजे वाचक म्हणून आपण देतो ते थोडे पैसे, आणि मोठा वाटा देणारे वेगळेच. ज्याच्या पूर्ण पानी जाहिरातीवर महिना निघतो, त्याच्याविरुद्धची बातमी छापताना हात थोडा अडखळणारच. अनेकदा खोटं छापलं जातं असं नाही, खरं असतं ते आत कुठंतरी चार ओळींत जातं. किंवा जातच नाही. तालुक्याच्या वार्ताहराचे तर आणखी हाल. मानधन तुटपुंजं, वर नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करायचं टार्गेट. ज्याच्याकडून आज जाहिरात घ्यायची, त्याच्याच रस्त्याच्या कामातले खड्डे उद्या कसे मोजायचे?

हे पेपरांचं समर्थन नाही. ही त्यांची दुखरी नस आहे. टीका करायची तर इथं बोट ठेवा.

विश्वास उडाल्यावर जागा रिकामी राहत नाही

‘पेपर वाचत नाही’ म्हणणाऱ्याला बातम्या कळत नाहीत असं थोडंच आहे? त्या फोनवर येतातच. फरक एवढाच की त्यांच्याखाली कुणाचं नाव नसतं.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज व्हॉट्सॲपवर बरेच दिवस फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून भिक्षुकीसाठी आलेले पाच जण जमावाच्या तावडीत सापडले. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना मरेपर्यंत मारलं. पाचही जण निरपराध होते.

लोकांचा पेपरांवरचा विश्वास उडाला म्हणून हे झालं, असा दावा मी करत नाही. पण त्या मेसेजचा संपादक कोण होता? मुद्रक कोण? चूक झाली म्हणून कुणाला पकडायचं? पेपरच्या प्रत्येक अंकात कुठंतरी, बहुतेक वेळा शेवटच्या पानाच्या तळाला, बारीक अक्षरांत एक ओळ असते. मुद्रक, प्रकाशक, संपादक, कुठं छापला, पत्ता. आपण ती कधीच वाचत नाही. पण ती ओळ छापणं पेपरला कायद्यानंच भाग आहे, थेट १८६७ च्या कायद्यापासून. छापलेल्या प्रत्येक शब्दासाठी कोर्टात कुणाला उभं करायचं, त्याचं नाव त्या ओळीत असतं. फॉरवर्डला अशी ओळ नसते.

आणि ‘सगळेच’ म्हणताना राजापूरचे शशिकांत वारिशेही आठवा. कोकणातल्या रिफायनरीच्या वादावर ते सातत्यानं लिहायचे. ६ फेब्रुवारी २०२३ ला सकाळी त्यांची एक बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीनं उडवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ती बातमी ज्याच्याविषयी होती, त्यालाच पोलिसांनी अटक केली आणि खुनाचा गुन्हा दाखल झाला. ‘सगळे विकले गेलेत’ म्हणताना आपण वारिशेंनाही त्याच पोत्यात भरतो. आणि जो खरोखर विकला गेलाय, त्याचं काम सोपं करतो. सगळेच चोर म्हटलं की खऱ्या चोराला कोण विचारतो?

मग करायचं काय?

पेपरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, आणि डोळे झाकून अविश्वासही नको. डोळे उघडे ठेवून वाचायला लागा. त्यासाठी एवढं करून बघा.

• पानाच्या कोपऱ्यात बघा. ‘ॲडव्हर्टोरियल’, ‘मीडिया मार्केटिंग इनिशिएटिव्ह’, ‘प्रायोजित’ असं बारीक अक्षरांत दिसलं, तर ती बातमी नाही, जाहिरात आहे. कौतुक ओसंडून वाहतंय आणि कोपऱ्यात काहीच लिहिलेलं नाही, तर जास्त सावध व्हा.

• एकच बातमी दोन पेपरांत वाचा. कॉलेजच्या लायब्ररीत चार-पाच पेपर फुकट असतात. एकानं काय पहिल्या पानावर घेतलं, दुसऱ्यानं काय गाळलं, ते दहा मिनिटांत कळतं. शब्दन्‌शब्द सारखा असेल तर ती प्रेसनोट आहे, हेही कळतं.

• ज्याच्यावर आरोप आहे, त्याची बाजू बातमीत आहे का? ‘सूत्रांनी सांगितलं’ किती वेळा येतंय? हेडिंगला प्रश्नचिन्ह आहे का? असेल तर बहुतेक वेळा उत्तर पेपरलाही माहीत नसतं.

• चूक सापडली तर लिहा. तारीख, पान नंबर, काय चुकलं आणि बरोबर काय, एवढं संपादकाला मेल करा. उत्तर आलं नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिकातल्या मजकुरासाठी छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत. कौन्सिल दंड करू शकत नाही, फक्त ताशेरे ओढू शकते. दात नसलेली संस्था आहे, मान्य. पण तक्रार नोंदली तर जाते.

• परवडत असेल तर पैसे द्या. चार जणांत मिळून एक पेपर किंवा एका चांगल्या न्यूज वेबसाइटची वर्गणी. वाचकाचा वाटा वाढला, तरच जाहिरातदाराचा धाक कमी होईल.

आणि एक मागणी पेपरांकडेही. चूक पहिल्या पानावर झाली तर दुरुस्तीही पहिल्या पानावर येऊ द्या. ‘द हिंदू’नं २००६ मध्ये वाचकांच्या तक्रारी ऐकायला स्वतंत्र संपादक नेमला आणि रोजच्या चुका छापायला सुरुवात केली. मराठीत चुकीची दुरुस्ती शोधायला अजून भिंग घ्यावं लागतं. चूक कबूल केल्यानं पेपरची इज्जत जात नाही. उलट, हा पेपर आपलं म्हणणं ऐकतो, असं वाचकाला वाटायला लागतं. विश्वास परत मिळवायचा तर त्याची सुरुवात इथूनच होईल.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. तुम्हाला खटकलेली एक बातमी कापून ठेवा. काय खटकलं, ते पाच ओळींत लिहा आणि त्या पेपरला पाठवा. आमच्या पेपरातली असेल तर आम्हाला पाठवा.