न कापणारी सुरी आणि आपलं जर्नल

आमच्या हॉस्टेलवर सध्या सुरी बनवायचं खूळ आहे. भंगारातून स्टेनलेसची पट्टी आणायची, ग्राइंडरवर घासायची, लालभडक करायची आणि तेलात बुचकळायची. सुरी दिसते चकाचक, पण टमाटरसुद्धा कापत नाही! मग ठरलेला सल्ला येतो, "अजून एकदा तापव ना बे!" माझा आक्षेप या 'अजून एकदा'वर आहे.

मित्रांनो, आधी पोलाद कोणतं ते तर बघा! भांड्यांचं ३०४ असेल तर त्यात कार्बन जेमतेम ०.०८ टक्के. ते लाल करून विझवलं तर कडक होत नाही, उलट मऊ पडतं. लोहचुंबक चिकटत नसेल तर पट्टी सोडून द्या. चिकटलं म्हणून लगेच खूशही होऊ नका, कारण ४३० लाही चुंबक चिकटतं आणि तेही सुरीच्या कामाचं नाही. ४२० किंवा ४४०सी असेल, तरच पुढची गोष्ट.

आता खरी गंमत. साधं कार्बन स्टील ८०० अंशांच्या आसपास तापवलं की काम होतं. स्टेनलेसमध्ये मात्र कार्बन क्रोमियमच्या कार्बाइडमध्ये अडकलेला असतो. तो सुटायला साधारण १००० ते १०६५ अंश सेल्सिअस आणि काही मिनिटं मुरायला वेळ लागतो. कमी तापलं तर सुरी मऊ. पण फार तापलं तर ऑस्टेनाइट तसंच शिल्लक राहतं आणि सुरी पुन्हा मऊच! लक्षण एक, कारणं उलटी. तापमान लिहून ठेवलेलं नसेल तर 'अजून एकदा' म्हणजे निव्वळ जुगार. कधी फक्त वरच्या थराचा कार्बन जळालेला असतो. थोडं घासा, आत कानस घसरली तर पातं चांगलं आहे. आणि टेंपरिंग १५० ते २०० अंशांवर दोन तास. ५०० वर नेलं तर पातं ठिसूळ होतं, गंजायलाही लागतं.

१९१३ मध्ये शेफिल्डला हॅरी ब्रिअर्लीने हे पोलाद बनवलं, तेव्हा तिथल्या मुरलेल्या कारागिरांनाही ते जमेना. 'न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोधक' अशी त्याची टिंगल झाली. दोष पोलादात नव्हता, जुन्या सवयीत होता.

आपल्याच जिल्ह्यात नायकुंडच्या उत्खननात महापाषाण काळातली लोखंड गाळायची भट्टी सापडली. त्या लोकांकडे ना थर्मोकपल ना रॉकवेल टेस्टर. डोळ्याला दिसणारा रंग आणि डोक्यात ठेवलेला अनुभव एवढंच भांडवल. आपल्याकडे सगळं आहे, पण जर्नलमधलं हार्डनेसचं रीडिंग सीनियरच्या जर्नलमधून 'टोपलं' जातं. त्यामुळे कुणाचाही जॉब कधी बिघडतच नाही!

म्हणून सरांना नम्र विनंती. एका टर्ममध्ये एक तरी जॉब असा द्या, ज्यात बिघडलेला तुकडा जमा करायचा आणि तो का बिघडला हे लिहायचं. मार्क त्या कारणाला द्या. आणि पोरांनो, एका वेळी एकच गोष्ट बदला, तापमान नाहीतर वेळ, आणि लगेच लिहून ठेवा. सुरी तर बाजारात कुठेही मिळते. ती का कापत नाही हे सांगणारा इंजिनिअर मात्र आपल्यालाच घडवायचा आहे.