पडद्यावरून पुस्तकाकडे

एखाद्या गाजलेल्या कादंबरीवर मालिका निघाली, की आपल्याकडील सुशिक्षित मंडळींत एक ठराविक वाक्य ऐकू येते : पुस्तकाची सर याला नाही. हे वाक्य उच्चारणाऱ्यांपैकी कितींनी ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलेले असते, हे विचारण्याचा उद्धटपणा सहसा कोणी करीत नाही. परंतु या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे, ते असे की, वाचन आधी घडते आणि पाहणे मागाहून. प्रत्यक्षात हा क्रम कधीच उलटला आहे. प्रचंड विस्ताराच्या अद्भुतकथांची पहिली ओळख बहुतेकांना पडद्यावरच होते. पुस्तक हाती येते ते नंतर, आणि पुष्कळदा येतच नाही. अशा उलट्या वाटेने पुस्तकापर्यंत जाणाऱ्या वाचकाविषयी तुच्छतेने बोलण्याची रीत आहे. प्रस्तुत लेखक स्वतःच त्या वाटेने गेला असल्यामुळे त्याला ही रीत मान्य नाही.

1994 साली दूरदर्शनवर नीरजा गुलेरी यांची 'चंद्रकांता' ही मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी महाराष्ट्रातील गावोगावच्या घरांतून ती पाहिली जात असे. अखिलेंद्र मिश्र यांच्या क्रूरसिंहाच्या त्या अक्राळविक्राळ भुवया त्या वेळच्या मुलांच्या स्मरणातून आजही गेलेल्या नाहीत. मालिका देवकीनंदन खत्री यांच्या कादंबरीवर आधारलेली आहे, हे श्रेयनामावलीत वाचले होते. परंतु त्या कादंबरीचे चार भाग आणि तिच्या पुढील 'चंद्रकांता संतती'चे चोवीस भाग आपण कधी वाचू, असे तेव्हा स्वप्नातही वाटले नव्हते. वाचन सुरू झाले ते पंचविसाहून अधिक वर्षे उलटल्यावर. शहरातील एका जुन्या ग्रंथालयात 'संतती'चे खंड मागितले, तेव्हा हिंदी विभागात केवळ परीक्षोपयोगी पुस्तके असल्याचे उत्तर मिळाले व अखेरीस ते विकत घ्यावे लागले.

पहिला अनुभव तोट्याचाच होता, हे कबूल केले पाहिजे. पुस्तक उघडताच वीरेंद्रसिंह शाहबाज खान यांच्या चेहऱ्याने बोलू लागला आणि क्रूरसिंहाच्या भुवया पानोपानी आडव्या आल्या. लेखकाने वाचकाला दिलेला सर्वांत मोठा अधिकार म्हणजे पात्राचा चेहरा आपल्या मनाने घडविण्याचा. मालिका पाहून आलेल्या वाचकाचा तो अधिकार आधीच कोणीतरी वापरून टाकलेला असतो. हे नुकसान शेवटपर्यंत पूर्णतः भरून निघत नाही. मात्र पन्नास-साठ पानांनंतर एक गंमत घडते. ज्या व्यक्तींना मालिकेने ठळक केले नव्हते, त्या पुस्तकात आपल्या पायांवर उभ्या राहतात. तेजसिंह आणि चपला यांची बुद्धिमत्ता एकदा दिसू लागली, की राजपुत्र आणि राजकन्या काहीसे फिके वाटू लागतात. कादंबरीत क्रूरसिंह हा कारस्थानाला तोंड फोडणारा माणूस. खरा सामना पुढे चुनारगढच्या शिवदत्ताशी. पडद्याने आपल्या सोयीसाठी कोणाला फुगविले, हे असे आपोआप उमगत जाते.

दुसरा अनुभव अधिक अनपेक्षित होता. मालिकेत जादू होती, चमत्कार होते, नाना तऱ्हेच्या अमानवी शक्ती होत्या. पुस्तकात जादू जवळजवळ नाहीच! तिलिस्म म्हणजे पूर्वजांनी खजिन्याच्या रक्षणार्थ उभारलेली, कळांनी आणि यंत्रांनी चालणारी वास्तू. राजकन्येला गिळणारा दगडी बगळा हा राक्षस नसून कारागिराची करामत आहे, हे वाचकाला यथावकाश कळते. ऐयारांच्या बटव्यात मंत्र नसतात. बेहोशीची भुकटी, शुद्धीवर आणणारा लखलखा, रंग आणि वेषांतराचे सामान असते. पकडलेल्या ऐयाराला ठार मारावयाचे नाही, कैदेत ठेवावयाचे, असा या मंडळींचा दंडकही आहे. बहिर्जी नाईकांच्या गोष्टींवर वाढलेल्या मराठी वाचकाला ही दुनिया परकी वाटत नाही. अशा गोष्टी संभवनीय आहेत की नाहीत, यावर खत्रींनी आपल्या टीकाकारांना हिरिरीने उत्तरे दिली. एकोणिसाव्या शतकातील एक लेखक अद्भुत लिहितानाही बुद्धीला पटण्याची जबाबदारी मानतो, आणि शंभर वर्षांनंतरची यंत्रसज्ज मालिका ती झुगारून देते, याला प्रगती कोणत्या अर्थाने म्हणावयाचे?

खत्रींना हे साधले, कारण त्यांनी ती भूमी पायाखाली घातली होती. काशीनरेशांच्या राज्यातील चकिया आणि नौगढ या भागांतील जंगलांचे ठेके त्यांच्याकडे होते. तेथील डोंगर, नाले, गुहा आणि पडके किल्ले त्यांच्या परिचयाचे होते. गंगेकाठचा चुनारगढ आजही उभा आहे. नौगढ आणि विजयगढ ही नावे नकाशावर सापडतात. 1888 च्या सुमारास 'चंद्रकांता' प्रकाशित होऊ लागली, आणि ती वाचता यावी म्हणून उर्दू जाणणारे कितीतरी लोक नागरी लिपी शिकले. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात या घटनेची नोंद केली. मात्र याच कादंबऱ्यांना साहित्याच्या पंक्तीत बसविण्यास त्यांनी नकार दिला. ज्या पुस्तकाने एका भाषेला वाचक मिळवून दिले, त्याला त्या भाषेच्या दिवाणखान्यात बसावयास पाट मिळू नये, हा प्रकार मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

आणि येथे आपल्याकडे पाहिल्यावाचून राहवत नाही. मराठी कादंबरीच्या आरंभीच्या काळातही अद्भुताचा मोठा वाटा होता. हळब्यांची 'मुक्तामाला' 1861 ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' 1868 ची. अरबी भाषेतील सुरस गोष्टी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणल्या. पुढे, खत्रींच्या कथा हातोहात खपत होत्या त्याच काळात, हरिभाऊ आपटे 'करमणूक'मधून 'पण लक्षात कोण घेतो?' लिहीत होते. हरिभाऊंनी मराठी कादंबरीला जे वळण दिले, त्याचे ऋण कोण नाकारील? परंतु त्यानंतर आपल्या समीक्षेने अद्भुताला पोरकटपणाचे नाव देऊन अंगणाबाहेर काढले. नाथमाधवांची 'वीरधवल' लोकांनी आवडीने वाचली, नारायण धारपांची पुस्तके वाचनालयांतून झिजली. पाठ्यक्रम आणि परिसंवाद यांना मात्र त्यांची विशेष दखल घ्यावीशी वाटली नाही. अद्भुताची भूक अशा उपेक्षेने मरत नाही. ती दुसरा दरवाजा शोधते, आणि तो दरवाजा पडद्याचा निघाला. आज आपली मुले परदेशी ड्रॅगनांच्या मालिका पाहून मग इंग्रजी जाडजूड खंड मागतात, याबद्दल त्यांना दोष देण्यात काय हशील? मागावयास मराठीत आपण काय ठेवले आहे?

विस्ताराविषयीही एक शब्द. मालिका लांबते ती पुनरावृत्तीने. तोच कट, तीच कैद, तीच सुटका. 'संतती'देखील लांब आहे, कित्येक ठिकाणी कंटाळवाणी आहे, आणि इंद्रजीतसिंह व आनंदसिंह या बंधूंच्या भानगडींत वाचक वारंवार वाट चुकतो. परंतु तिची लांबी मुख्यतः लपविलेल्या माहितीची आहे. भूतनाथ नावाच्या माणसाचे पूर्वायुष्य लेखक शेकडो पाने हातचे राखून ठेवतो, आणि वाचकाला मागची पाने पुन्हा उलटावी लागतात. रविवारच्या तासाभरात मागे वळण्याची ही मुभा नव्हती. मालिका पाहून आलेल्या वाचकाला येथे उलट एक फायदा मिळतो : कथेत पुढे काय घडणार याची उतावीळ त्याला कमी असते, म्हणून गोष्ट कशी रचली आहे याकडे त्याचे लक्ष जाते.

सुदैवाने या पुस्तकांसाठी मराठी वाचकाला नवी लिपी शिकावी लागत नाही, आणि खत्रींची बोलीला जवळची हिंदी दहा-वीस पानांत अंगवळणी पडते. सार्वजनिक ग्रंथालयांनी परीक्षेच्या मार्गदर्शकांशेजारी हे खंड ठेवावेत, एवढी मागणी अवास्तव ठरू नये. भूतनाथाची स्वतंत्र कथा खत्रींनी पुढे लिहावयास घेतली होती. 1913 साली ते निवर्तले तेव्हा ती अपुरीच होती. ती त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पुरी केली. ते खंड अजून वाचावयाचे आहेत, आणि त्यांतील एकाही पात्राचा चेहरा या लेखकाने अद्याप पडद्यावर पाहिलेला नाही.